म्हशींच्या गोठ्यातली होडी

होडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोन म्हशी तिच्यात तोंड घालून पाणी पीत होत्या.

नाशिक रोडहून सिन्नरच्या रस्त्याला लागलं की चेहडीच्या पुढे दारणा नदीच्या काठाला काही गोठे होते. आमच्याकडचं दूध त्यातल्याच एका गोठ्यातून यायचं. दूध घालणारा माणूस तापाने पडला होता, म्हणून मी आणि ताई किटली घेऊन ताईच्या स्कूटरवरून तिकडे गेलो होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागून थोडेच दिवस झाले होते.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा गेला. कमरेपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, चामड्याचे पट्टे आणि उजव्या काखेत कुबडी, असंच मी तिला जन्मापासून पाहत आलो. ती सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. वडील लवकर गेले आणि घर तिच्या पगारावर उभं राहिलं. माझं शिक्षणही त्यातच झालं. तिच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलेली होती आणि ती चालवताना ती हॉर्न फार वाजवायची.

गोठ्यात मी दूध मोजून घेत होतो तेवढ्यात ताई कुबडी टेकत त्या लांबलचक पाणवठ्यापाशी गेली. बाजूला शेण, चिखल, माशा. तिने कुबडीने ठोकून पाहिलं. ठण्ण असा हलका आवाज आला.

"हे लोखंड नाही," ती म्हणाली. "आणि याला दोन्हीकडे टोक कशाला?"

गोठेवाले मामा हसले. "होडी हाय ती, ताई. धरणाच्या कामावर एक गोरा सायेब व्हता, त्याची. तो गेला त्याच्या देशाला, ही गोडाऊनात पडून राह्यली. माझ्या बापानं लिलावात उचलली. अ‍ॅल्युमिनियमची हाय, गंजत नाय. म्हशीला बेस."

ताई बराच वेळ त्या होडीकडे बघत उभी राहिली. मग तिने विचारलं, "मला देता का?"

"मंग म्हशी काय पितील?"

"सिमेंटचा पक्का हौद बांधून देते. गवंडी मी लावते."

मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कॅलिपरकडे आणि मग माझ्याकडे, जणू मी काही तरी बोलावं. "पर तुमी करणार काय तिचं?" त्यांनी विचारलं.

"चालवणार," ताई म्हणाली.

परतताना मी मागे बसून किटली धरली होती. ती थट्टा करत असेल असं मला वाटत होतं. पण पुढच्याच रविवारी गवंडी गोठ्यावर गेला, आणि हौद वाळून त्यात पाणी भरल्यावर एका टेंपोत घालून होडी आमच्या दारात आली.

आमचं घर जेल रोडला, एका कॉलनीतलं रो-हाउस. पुढे अंगण कसलं, सायकल आणि चार कुंड्या मावतील एवढी जागा. पंधरा-सोळा फूट लांबीची होडी तिथे सरळ मावेना, तिरकी मावेना. शेवटी तिचं नाक फाटकातून रस्त्यावर काढलं. त्यामुळे पुढचे कित्येक महिने आमचं फाटक लागलंच नाही. गल्लीतल्या शेळ्या आत येऊन आईची जास्वंद खाऊन गेल्या.

आई दारात उभी राहून बघत होती. "याच्यात म्हशी पाणी प्यायच्या?"

"हो."

"मग आता माणसं काय करणार आहेत?"

ताई होडीच्या कडेवरून हात फिरवत होती.

होडीची अवस्था वाईट होती. आतून पांढऱ्या क्षाराचा जाड थर बसला होता. त्यावर शेवाळ. तळाला भोकं पडली होती तिथे मामांच्या वडिलांनी गोणपाट आणि डांबर कोंबून ठेवलं होतं. एका बाजूला म्हशीची लाथ बसून परातीएवढा पोचा पडला होता. दोन्ही टोकांच्या बंद कप्प्यांत बुडू नये म्हणून पूर्वी काही तरी हलकं भरलेलं असणार. आता तिथे उंदरांचं घर होतं. बसायच्या फळ्या कधीच गेल्या होत्या. अशा होडीला इंग्रजीत कनू म्हणतात हे ताईला तिच्या कचेरीतल्या कुणी तरी सांगितलं. घरात मात्र तो शब्द कुणी वापरला नाही. आई तिला 'ते धूड' म्हणायची.

ताईने चिंचेपासून सुरुवात केली. आईच्या मोठ्या पातेल्यात चिंचेचं पाणी उकळायचं, होडीत ओतायचं, थोडं मुरू द्यायचं आणि नारळाच्या शेंडीने घासायचं. कचेरीतून आली की चहा घेऊन ती सरळ अंगणात जमिनीवर बसायची, कॅलिपरचा पाय पुढे लांब करून. मला याचं फार आश्चर्य वाटायचं. ताई चारचौघांत कधी खाली बसत नसे. लग्नाकार्यात पंगतीला सगळे बसले तरी ही खुर्ची मागून घ्यायची, नाही तर भूक नाही म्हणायची, कारण खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागायचा आणि तो हात मागणं तिला नको असायचं. आता ती रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तासभर बसायची आणि काम संपलं की मला हाक मारायची, "ये रे, उचल मला."

पोचा काढायचं काम माझं. बाहेरून वाळूचं पोतं लावलं आणि आतून लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकत पत्रा सरळ केला. अगदी सपाट नाही झाला. हात फिरवला की अजून लाटा लागायच्या. डांबर खरवडून काढल्यावर भोकं मोकळी झाली. त्यांना कारखान्यातल्या भंगारातून साहेबांना विचारून आणलेल्या पत्र्याची ठिगळं लावली.

सगळ्यात जिकिरीचं काम रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांचं. तळाच्या जोडावर रिव्हेटांची लांब रांग होती आणि त्यातले कितीतरी ढिले झाले होते. ते ठोकून घट्ट करायला दोन माणसं लागतात. एकाने आतून जड लोखंड रिव्हेटच्या डोक्यावर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडा मारायचा. आतल्या माणसाच्या हातात दम हवा, नाही तर घाव वाया जातो. कुबडीवर आयुष्य काढलेल्या ताईच्या हातात माझ्या दुप्पट ताकद होती. होडी विटांवर कुशीला ठेवली, ताई आत सरकून बसली, मी बाहेरून ठोकायला लागलो. कॉलनीभर आवाज. शेजारच्यांनी दुपारच्या झोपेबद्दल तक्रार केली म्हणून आम्ही संध्याकाळची वेळ धरली.

एकदा दोन घावांच्या मध्ये मी विचारलं, "ताई, खरं सांग, हे कशासाठी?"

ती आतून म्हणाली, "आपल्या मामाच्या विहिरीत मला पोहायला शिकवलं होतं, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"तू पाळण्यात होतास. मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि सोडलं मला पाण्यात. उन्हाळा संपेपर्यंत मी डब्याशिवाय पोहायला लागले. सगळ्या मामेभावंडांच्या पुढे जायचे. पाण्यात कुणाचेच पाय जमिनीला लागत नाहीत रे. तिथे सगळे सारखेच. मग आईला कळलं. त्यानंतर मला कधी विहिरीवर जाऊ दिलं नाही." लोखंड पुढच्या रिव्हेटवर टेकल्याचा आवाज आला. "मार."

मी हातोडा मारला.

गळती शोधायला आम्ही उलटी युक्ती केली. होडी पाण्यात घालण्याऐवजी पाणीच होडीत घातलं. महापालिकेचं पाणी यायच्या वेळेला नळाला पाइप लावून होडी भरली आणि खाली वाकून कुठून थेंब पडतात ते बघत बसलो. ताई हातात खडू घेऊन खुणा करत होती. शेजारणीच्या नळाला धार कमी झाली म्हणून ती भांडायला आली, पण होडीत भरलेलं पाणी बघून तीही वाकून थेंब शोधायला लागली. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आमच्याकडे बघायचंच नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. बऱ्याच वेळाने ती तिथूनच म्हणाली, "नाकाशी गळतंय. डोळे फुटले का दोघांचे?"

नाकाशी खरंच गळत होतं.

बैठकीचा प्रश्न ताईने स्वतः सोडवला. नुसत्या फळीवर बसून तिला तोल धरता येणार नव्हता; आपण पायाने जो रेटा देतो तो तिच्या एकाच पायात होता. तिने प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि मला तिचे पाय कापायला लावले. ती पाठीसकट बैठक सागवानी पट्ट्यांवर बोल्टने बसवली, वर घोंगडी शिवून घातली. उजव्या पायाला टेकायला एक आडवी पट्टी. टोकांच्या कप्प्यांत थर्माकोलचे तुकडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठासून भरले. वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पाइप. हे तिच्या डोक्यातून निघालेलं. पाती सुताराने पाण्यात न फुगणाऱ्या मरीन प्लायची करून दिली. मी मुंबईला निघालो तेव्हा तिने मला नारिंगी रंगाची दोन लाइफ जॅकेट आणायला सांगितली.

पाऊस उघडून दारणेचं पाणी निवळल्यावर आम्ही होडी टेंपोतून पुन्हा गोठ्यावर नेली. बंधाऱ्यामागे तिथे पाणी संथ असतं. आई आली नाही. मामांनी काठावरची जागा साफ करून ठेवली होती.

काठावर ताई दगडावर बसली आणि कॅलिपरचे पट्टे सोडायला लागली.

"ते कशाला काढतेस?" मी विचारलं.

"होडी उलटली तर हे लोखंड मला खाली नेईल."

ती अगदी सहज बोलली. पण घराबाहेर, परक्या माणसासमोर तिने कॅलिपर काढलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. तिचा तो पाय हाताच्या मनगटाएवढा होता. मामांनी लगेच पाठ फिरवली आणि म्हशींना उगाच हाका घालायला लागले.

मी ताईला उचलून होडीत ठेवलं. तिने वल्हं हातात घेतलं, एक बाजू मारली, दुसरी बाजू मारली, आणि होडी काठापासून सुटली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. थोडी पुढे गेल्यावर तिने वळायचा प्रयत्न केला. बैठक उंच झाली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. होडी एकदम कलली आणि काही समजायच्या आत उलटी झाली.

मी ओरडलो. धावायला गेलो तर चिखलात पाय रुतले. मामा धोतर खोचून पाण्यात उतरले. मला पाण्यावर फक्त होडीचा चकचकीत तळ दिसत होता, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की घरी जाऊन आईला काय सांगायचं.

मग होडीच्या पलीकडून नारिंगी जॅकेट वर आलं. ताईचे केस तोंडावर चिकटले होते. तिने एक हात होडीवर टाकला, दुसऱ्याने केस बाजूला केले आणि खोकत खोकत ओरडली, "बुडली नाही बघ! थर्माकोल काम करतंय!"

होडी पुढे ढकलत ती पोहत काठाला आली. मी तिला उचललं तेव्हा ती थरथरत होती, आणि हसत होती. मी मात्र रडत होतो.

आईला सांगायची गरजच पडली नाही. ओले कपडे बोलले. तिने ताईला कोरडी साडी दिली, सुंठीचा चहा दिला, आणि मग बोलणं बंद केलं. स्वयंपाक व्हायचा, ताटं वाढली जायची, पण ताईशी शब्द नाही. एका संध्याकाळी मी बैठक खाली घेण्यासाठी सागवानी पट्ट्या तासत होतो तेव्हा आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"तू का तिच्या नादी लागतोस?" ती म्हणाली. "तिला ताप आला तेव्हा रात्रभर मी मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी खाली ठेवली, तर पाय उचलेना. तेव्हापासून तिला खाली ठेवायचीच भीती वाटते मला. मी काय तिच्या वाइटावर आहे?"

ताई आत खोलीत होती. खिडकी उघडी होती. तिने सगळं ऐकलं हे मला कळलं, कारण आत चाललेला रेडिओ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना ताईने आईला विचारलं, "रविवारी येतेस का? काठावर बस नुसती. मला हाका मारायला कुणी तरी लागतं. हा ओरडतो तो ऐकू येत नाही."

आई आली. डोक्यावरून पदर घेऊन काठावरच्या दगडावर बसली. ताईने कॅलिपर काढून तिच्या हातात दिलं. त्या जड लोखंडाचं काय करावं हे आईला कळेना. शेवटी तिने ते मूल घ्यावं तसं मांडीवर आडवं घेतलं. या वेळी बैठक खाली होती आणि होडी डुलली तरी कलली नाही. ताई पार पलीकडच्या काठापर्यंत गेली, वळली, परत आली. आईचे ओठ सारखे हलत होते. कोणत्या देवाला काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवार दारणेवर गेला. होडी आता गोठ्यातच एका छपराखाली राहायची. जानेवारीतल्या एका सकाळी, पाण्यावरून वाफ निघत असताना, ताई म्हणाली, "आई, बस पुढे."

"मी? वेड लागलंय का?"

"बस. जॅकेट घाल."

नऊवारीवर नारिंगी जॅकेट घालून आई होडीत पुढे नव्याने बसवलेल्या फळीवर बसली. दोन्ही कडा तिने इतक्या घट्ट धरल्या की बोटं पांढरी पडली. काठ सुटल्याबरोबर ती म्हणाली, "वळव. बास झालं, वळव."

ताई वल्हं मारत राहिली. मी काठाने चालत होतो. पाण्यावरून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मधोमध गेल्यावर एक खंड्या त्यांच्या समोरून उडत गेला. आईने एका हाताने कड सोडली आणि बोटं पाण्यात बुडवली.

"थंड आहे गं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या बाभळीपर्यंत ने."

बाभळ आली तरी कुणी वळायचं नाव काढलं नाही.

पुढे आई गेली. तिचे शेवटचे काही महिने अंथरुणावरच गेले, आणि त्या काळात आम्ही होडीकडे फिरकलो नाही. नंतर पुन्हा जायला लागलो, पण ताईचे खांदे दुखायला लागले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की पायांचं काम इतकी वर्षं हातांनी केलं, आता खांदे झिजले. उरले आहेत ते जपून वापरा. घरी आल्यावर ताई म्हणाली, "कुबडी सोडता येणार नाही. म्हणजे वल्हं सोडावं लागेल. हिशेब सोपा आहे." तिने तो विषय तिथेच संपवला आणि भाजी चिरायला घेतली. त्या रात्री मी मात्र नीट जेवलो नाही.

होडी विकावी का असं मी एकदा विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. "तुला हात नाहीत का?" ती म्हणाली.

अशा रीतीने मी वल्हवायला शिकलो, आणि फार वाईट शिकलो. तोवर दारणेचं पाणी शहराजवळ घाण झालं होतं, म्हणून आम्ही होडी गाडीच्या टपावर बांधून घोटीच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यावर न्यायचो. ताईची बैठक आता पुढे होती. तिथून ती हुकूम सोडायची. "डावं मार. डावं म्हणजे तुझं डावं. अरे, पाणी कापू नकोस, मागे ढकल."

एका पावसाळ्यात, आवणीचे दिवस होते, चहूकडे खाचरांत बायका वाकून भात लावत होत्या. आम्ही काठाला टेकलो तेव्हा एक बाई भाताच्या रोपांच्या जुड्यांची पाटी घेऊन उभी होती. डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"ताई, त्या अंगाला सोडता का? रस्त्यानं लय फेरा पडतो."

"या की," ताई म्हणाली.

बाई मधे बसली, पाटी मांडीवर घेऊन. होडी पाण्यात चांगलीच खाली गेली. निम्म्या वाटेवर तिने ताईच्या पायाकडे पाहिलं आणि काहीही आडपडदा न ठेवता विचारलं, "पायाला काय झालं वं?"

शहरात हा प्रश्न लोक डोळ्यांनी विचारतात. मी वल्हं थांबवलं.

"लहानपणी ताप आला, त्यात गेला," ताई म्हणाली.

"माझ्या दिराचाबी तसाच हाय. बसून बसून गवत काढतो. लय चिडका हाय पर."

"मीही चिडकी आहे," ताई म्हणाली. "याला विचारा."

बाई मागे वळून माझ्याकडे बघून मोठ्याने हसली. तेवढ्यात माझं वल्हं चुकलं आणि होडी गरकन भलतीकडे वळली.

"तुमी राहू द्या, दादा," ती म्हणाली. "पलीकडं न्यायचं हाय, मागारी नाय."

ताई इतकी हसली की होडी हलायला लागली. मी तोंड बंद ठेवून होडी सरळ केली. पलीकडच्या काठाला बाईने आधी पाटी उतरवली, मग स्वतः उतरली, आणि जाताना दोन जुड्या ताईच्या हातात ठेवल्या.

"हे मी कुठे लावू? आमच्याकडे शेत नाही," ताई म्हणाली.

"लावा कुठंबी. पाणी तेवढं राहू द्या त्याच्यात," असं म्हणून ती बांधावरून चालायला लागली.

ताईने जुड्या मांडीवर घेतल्या, मुळांची माती पाण्यात खळबळून काढली आणि मला म्हणाली, "चल. आता उजवं मार."